तंबाखूच्या हातांनी पेरलेलं सोयाबीन

तळेवाडी, निपाणीजवळ
ता. २७ मार्च १९८३

चि. सिद्राम यास,

तानीआक्काचा जयभीम व अनेक आशीर्वाद. इकडं आम्ही खुशाल हाय. तुझी आणि कस्तुरीची खुशाली कळव. कस्तुरीला दिवस गेल्याचं तू मागच्या कार्डात अगदी शेवटाला, पत्त्याच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंस. असली बातमी आधी लिहायची असती रं साहेबा. तुझे दाजी कार्ड वाचून बाजूला ठेवत होते, मीच परत हातात घेतलं म्हणून कळलं.

आता कामाचं. सरकारनं आपल्या वस्तीतल्या नऊ घरांना माळ दिला त्याला चार वर्षं झाली. त्यात जोंधळा गुडघ्याच्या वर जात न्हाय. तंबाखूचं तर तुला ठाऊक हाय, व्यापारी म्हणतील ते खरं. निपाणीच्या बाजारात औंदा सोयाबीनचं बियाणं आलंय. दिवाळीला आलतास तवा तू बोललतास की ह्या पिकाच्या मुळांना गाठी येत्यात आणि त्या गाठी झाडाला खत करून घालत्यात. खरं का आमची गंमत केलतीस, ते लिही. वस्तीतल्या आठ जणी माझ्या मागं लागल्यात. त्यात मालुबाई पुढं हाय. दाजींच्या भावकीतली ती, नवरा गेल्यापासून एकटी राहते, वखारीत माझ्या शेजारी तंबाखू चाळायला बसते. ती म्हणते की तुझा भाऊ लिहील तसं मी डोळं झाकून करीन.

पत्राला उशीर लावू नको. आमच्यावरची माया तशीच ठेव.

तुझी आक्का,
तानी


उद्यमबाग, बेळगाव
ता. ९ एप्रिल १९८३

ती. आक्का हीस,

सिद्रामचा सविनय जयभीम. पत्र पोचलं. कस्तुरीची तब्येत बरी आहे, आंबट मागते आणि खात नाही. बातमी बारीक अक्षरात लिहिली कारण लाज वाटली, दुसरं काही नाही.

गाठींचं अगदी खरं आहे. जमिनीत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. शेंगेच्या प्रत्येक जातीचे आपापले. ते कोवळ्या मुळात शिरतात, तिथं गाठ धरते, आणि गाठीत बसून ते हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. झाड त्याच्या बदल्यात त्यांना पानांत तयार झालेली साखर पुरवतं. गाठ फोडून आत तांबूस दिसली तर समजायचं की काम चाललंय. पण आपल्याकडं सोयाबीन नवीन, तेव्हा त्याचे जिवाणू आपल्या मातीत नाहीत. ते बियाण्याला लावून द्यावे लागतात. आमच्या केंद्रात आम्ही तेच वाढवतो आणि काळ्या भुकटीत मिसळून पाकिटं भरतो. मी तपासनीस आहे, माझ्या सहीशिवाय पाकीट बाहेर जात नाही.

एका पाकिटाला दहा किलो बियाणं. गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करा, त्यात भुकटी कालवा, बियाण्याला हलक्या हातानं चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. ऊन लागू देऊ नका, जिवाणू मरतात. आणि युरिया अजिबात टाकू नका, आयतं खत मिळालं की झाड गाठी धरत नाही. लोक काहीही सांगतील, ऐकू नका. पाकिटं मी जूनच्या सुरुवातीला एस.टी.नं पाठवीन.

दाजींना जयभीम. मालुबाईंना म्हणावं, डोळे उघडे ठेवूनच करा. लोभ कमी होऊ नये.

तुझा,
सिद्राम


तळेवाडी
ता. २ जुलै १९८३

चि. सिद्राम यास,

जयभीम व आशीर्वाद. पाकिटं पोचली, पेरणी झाली, म्हणून लिहिते. तू लिहिलंस त्याच्या रेघेबाहेर आम्ही गेलो न्हाय. गुळाचं पाणी आदल्या दिवशी उकळून ठेवलं. विहाराच्या मागं सावली असती, तिथं नऊ घोंगडी टाकली आणि नऊ जणी ओळीनं बसलो. भुकटी मशेरीसारखी काळी, हात काळे झाले तशा बायका एकमेकींच्या गालाला लावून हसत होत्या. मालुबाई एवढी जपून चोळत होती की मी म्हणाले, अगं बाळाला तेल लावतीस काय. ती म्हणाली की ह्यात जीव हाय असं साहेबांनी लिहिलंय, मग जपायला नको व्हय.

आण्णाप्पा पेरणी बघायला माळावर आलते. गावात त्यांचंच रान मोठं, आम्ही सगळ्या त्यांच्याकडं तण काढायला भांगलणीला, बी टोकायला टोकणणीला जातो. ते म्हणाले की एकरी एक पोतं युरिया टाका, ह्या मुरमात नुसत्या काळ्या पुडीवर काय येत न्हाय. बायका डळमळल्या. मी तुझं पत्र काढून दाखवलं आणि कुणाला टाकू दिला न्हाय. आण्णाप्पा हसून निघून गेले.

उगवण चांगली हाय. कस्तुरीला जड उचलू देऊ नको. पत्राची वाट बघत असते, एवढं ध्यानात असू दे.

तुझी आक्का,
तानी


तळेवाडी
ता. ३० जुलै १९८३

चि. सिद्राम यास,

जयभीम. हे पत्र घाईनं लिहिते. रान पिवळं पडायला लागलंय. आधी खालची पानं, आता वरची. पहिले तीन आठवडे हिरवंगार होतं. मी सहा ठिकाणी झाडं उपटून पाण्यात मुळं धुऊन बघितली. एक गाठ न्हाय. मूळ सुतासारखं साफ हाय. मग मालुबाईच्या रानातली बघितली, बाकीच्यांची बघितली. नऊच्या नऊ तशीच.

आमचं काय चुकलं ते तू सांग. पाणी गार केलतं, मी बोट घालून बघितलं होतं. सावली होती. त्याच दिवशी पेरलं. मी रोज मनात पहिल्यापासून सगळं करून बघते आणि चूक सापडत न्हाय.

बायका अजून मला काही बोलल्या न्हाईत. पण आता युरिया टाकावा का म्हणून विचारतात. मी म्हणाले, सिद्रामचं पत्र येऊ दे. आण्णाप्पा चावडीवर म्हणाले की तानीनं भावाच्या नावावर कसली तरी राख आणून लावली. म्हणून जे लिहिशील ते तुमच्या केंद्राच्या छापील कागदावर लिही, म्हणजे लोकांना पटेल. लगेच लिही.

आक्का


हुबळी
ता. ९ ऑगस्ट १९८३

मित्र सिद्राम यास,

भरमाचा सप्रेम नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. नवी नोकरी बरी आहे, खोली लहान आहे, आई मच्छेहून यायला तयार नाही. माझं एवढंच.

तू विचारतोस की आक्काच्या रानात गाठी आल्या नाहीत, तर पावसाचा किंवा मुरमाचा परिणाम असेल का. सिद्राम, तू हे मला विचारावंस? मे महिन्यात केंद्रातली वीज गेली आणि थंड खोली अकरा दिवस बंद होती, तेव्हा आपण दोघंच होतो. पत्र्याखाली पाकिटं हाताला चटके देत होती. त्यातली वीस पाकिटं फोडून भुकटी मी तपासणीच्या बशांवर लावली आणि एकाही बशीत जिवाणूंचा एक ठिपका उगवला नाही. त्या बशा मी तुझ्या टेबलावर ठेवल्या. साहेब म्हणाले की मागणी घेतलेली आहे, माल जाऊ द्या, शेतकरी काय मूळ उकरून बघतोय. मी कागदावर सही करायला नको म्हणालो आणि मला नोकरी सोडावी लागली. तू केलीस. त्यावरून मी तुला कधी बोललो नाही, कारण तुझ्या घरी बाळ येणार होतं. पण त्यातलीच पाकिटं तू आपल्या बहिणीला पाठवलीस हे मला आता कळतंय.

आज तारीख नऊ. पाकिटं मेलेली होती एवढं तिला कळव आणि लगेच युरिया द्यायला सांग. अजून आठ-दहा दिवस हातात आहेत. निम्मं पीक वाचेल. कार्ड नको, तारच कर.

वहिनींना नमस्कार. रागावलास तरी मैत्री राहू दे.

तुझा,
भरमा


भूसंजीवन जिवाणू केंद्र
उद्यमबाग, बेळगाव
ता. २७ ऑगस्ट १९८३

श्रीमती तानीबाई यल्लाप्पा कांबळे व इतर शेतकरी भगिनी यांस,

आपलं ३० जुलैचं पत्र पावलं. कामाच्या गर्दीमुळं उत्तरास विलंब झाला. आपण कळवलेल्या लक्षणांचा विचार करून असं दिसतं की केंद्राची पाकिटं तपासणीत उत्तम ठरलेली होती. दोष बियाण्यास भुकटी लावण्याच्या पद्धतीत असावा. आपल्या वस्तीतील बहुतेक भगिनी वखारीत तंबाखू चाळण्याचं काम करतात. तंबाखूचा अंश वर्षानुवर्षं हाताच्या कातडीत मुरतो आणि साध्या धुण्यानं जात नाही. हा अंश जिवाणूंस विषासारखा आहे. अशा हातांनी चोळल्यामुळं जिवाणू मरण पावले असावेत. यापुढं तंबाखूचं काम करणाऱ्या व्यक्तींनी बियाण्यास हात लावू नये.

युरिया देण्याची वेळ आता निघून गेली आहे.

आपला,
सिद्राम भि. माने
तपासनीस

ता. क. आक्का, छापील कागदावर लिही म्हणालीस म्हणून असं लिहिलं. वाईट वाटून घेऊ नकोस, कुणालाही माहीत नसतं. कस्तुरीचे दिवस भरत आलेत.


तळेवाडी
ता. ३० ऑक्टोबर १९८३

चि. सिद्राम यास,

जयभीम व आशीर्वाद. मुलगी झाल्याचं कार्ड मिळालं. लेकीला माझ्या वाटणीचा पापा. बारशाला यायचं मनात होतं, जमलं न्हाय. का ते लिहिते.

तुझं पत्र आल्यावर विहारात बैठक बसली. नऊही घरं होती, गावातनं आण्णाप्पा आणि आणखी दोघं आलते. मला उभं केलं. मी पत्र पहिल्यापासून शेवटापर्यंत वाचलं. हाताचं आलं तिथं मी कागद खाली केला, पण आण्णाप्पा म्हणाले की पुढं वाच, मग वाचलं. वाचून मी म्हणाले की चूक माझी. भाऊ जिवाणूंच्या कामातला, आणि मी वखारीतली, मला हे विचारायचं सुचायला पायजे होतं. सगळ्या जणी आपापल्या हातांकडं बघत बसल्या.

आण्णाप्पांनी ते पत्र मागून घेतलं. सोसायटीच्या फळ्यावर टाचणीनं लावलंय. आता ते टोकणणीला वस्तीतल्या बाईला बोलवत न्हाईत. म्हणतात की मी म्हणत न्हाय, बेळगावचं केंद्र म्हणतंय, आणि लिहिणारा बी तुमच्यातलाच. भांगलणीला बोलवतात, बियाण्याला हात लागत न्हाय ना. दुसरे मालक बी तेच धरून बसलेत. जे आधी तोंडानं बोलायला लाजत होते त्यांना कागद मिळाला.

मालुबाईचं सांगवत न्हाय. तिनं विटकरीच्या तुकड्यानं तळहात घासून घासून सालटी काढली. मी जाऊन धरले तिचे हात, तर ती म्हणाली की सोड गं, तुला बी लागंल. माळाचा तिचा तुकडा तिनं आण्णाप्पाला वाट्यानं कसायला दिला आणि लेकीकडं कंग्राळीला निघून गेली. जाताना मला म्हणाली की तुझा भाऊ बरा, निदान खरं कळवलं.

दाजी माझ्याशी कामापुरतं बोलतात. वखारीत माझ्या दोन्ही बाजूची जागा मोकळी असती.

तू खरं लिहिलंस ते बरंच केलंस. लेकीला जप. आक्काला विसरू नको.

तानी


तळेवाडी
ता. १९ ऑगस्ट १९८४

चि. सिद्राम यास,

जयभीम. वर्षभर तुझी तीन कार्डं आली, मी एकालाच उत्तर दिलं. आज सावकाश लिहिते, कारण मला तुला एक विचारायचंय.

उन्हाळ्यात निपाणीच्या बाजारात कागलकडचा एक म्हातारा शेतकरी भेटला. तो चार वर्षं सोयाबीन करतो. मी त्याला गाठींचं विचारलं. तो म्हणाला की पहिल्या वर्षीच पुडी लावलती, आता लावायची गरज न्हाय, ते आमच्या मातीत राहिलंय. ते ऐकून मला वाटलं, राहिलंय तर मातीबरोबर येईल बी. मी त्याच्या रानात जाऊन दोन पिशव्या माती आणली. कंडक्टर विचारत होता की बाई, तुमच्या गावाला माती न्हाय काय.

मग माळावर मी अठरा ओळी केल्या. सहा ओळींचं बियाणं, हात राखेनं, साबणानं धुऊन, ती माती लावून पेरलं. दुसऱ्या सहा ओळींचं बियाणं वखारीतनं सुटल्यावर घरी न जाता, तसल्याच हातांनी, नखांत तंबाखूचा खकाणा असताना, ती माती लावून पेरलं. आणि बांधाच्या पलीकडं सहा ओळींना माती लावलीच न्हाय.

काल तिन्हीतली झाडं उपटली. बिनमातीच्या ओळी गेल्या वर्षीसारख्या पिवळ्या, मूळ साफ. धुतलेल्या हातांच्या ओळींना गाठी हायेत. आणि वखारीच्या हातांच्या ओळींना बी तेवढ्याच हायेत. मी मोजल्या. एका झाडाला एकतीस, एकाला सव्वीस. फोडून बघितल्या तर आत तांबूस.

सिद्राम, माझे हात तेच हायेत. मग गेल्या वर्षी ते जिवाणू कशानं मेले?

मला शिकवू नको. पाऊस, हवा, मुरूम असलं लिहू नको. जे झालं ते लिही.

तानी


उद्यमबाग, बेळगाव
ता. ५ सप्टेंबर १९८४

ती. आक्का हीस,

सविनय जयभीम. तुझं पत्र आठ दिवस खिशात घेऊन फिरलो.

पाकिटं इथून निघाली तेव्हाच मेलेली होती. मे महिन्यात थंड खोली बंद पडली होती. भरमानं तपासून माझ्यापुढं ठेवलं होतं. साहेबांनी सही करायला सांगितलं आणि मी केली. तुला पाठवायच्या वेळी मनाला म्हटलं की वीसच तपासली, बाकीच्यांत काही जिवंत असतील. तुझं पत्र आलं तेव्हा युरियानं पीक वाचलं असतं, तेही मला माहीत होतं. तसं लिहिलं असतं तर पाकिटं खराब होती असं कबूल केल्यासारखं झालं असतं. इतर गावांतूनही तक्रारी येत होत्या आणि साहेब प्रत्येक पत्र वाचून सोडत होते. छापील कागदावरचं उत्तर त्यांच्यासमोर लिहिलं. कारण काय द्यावं असं त्यांनी विचारलं. हातांचं मी सुचवलं, आक्का. ते त्यांना सुचलं नव्हतं. मला तुझे हात माहीत होते म्हणून सुचलं.

आता मागणं आहे आणि मागायला तोंड नाही. हे पत्र कुणाला दाखवू नकोस. येत्या जानेवारीत मला कायम करणार आहेत. हे बाहेर आलं तर पहिली माझी सही निघेल, साहेबांची नाही. लेक अजून चालत नाही. आपल्या घरातला टेबलावर बसणारा मी पहिला आहे, तू मला तिथं बसवलंस. मला उठवू नकोस.

तुझ्या मायेला मी पात्र नाही, तरी ती मागतो.

सिद्राम


तळेवाडी
ता. २३ सप्टेंबर १९८४

चि. सिद्राम यास,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि ट्रंकेत ठेवलं. दाजींना बी दाखवलं न्हाय.

वस्तीतल्या सात जणींना माळावर नेलं आणि तीन जागची मुळं त्यांच्या हातात दिली. त्यांनी आपणच बघितलं आणि आपणच समजल्या. हात चांगले होते एवढं कळलं त्यांना. मग चुकलं कुठं, ते त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, मला ठाऊक न्हाय. तुझ्यासाठी मी त्यांच्या तोंडावर खोटं बोलले.

आण्णाप्पांना मुळं दाखवली. ते म्हणाले की तुझ्या मुळापेक्षा छापील कागद मोठा. फळ्यावर ते पत्र अजून हाय. नवीन कागद आणलास तर काढतो म्हणाले. तो तुझ्याकडनं येणार न्हाय, हे मला कळतं.

तर एकच काम सांगते. मालुबाई कंग्राळीत लेकीच्या घरी हाय. तुझ्यापास्नं सायकलवर जाण्याएवढं. मी मुळं घेऊन एवढ्या लांब गेले तर वाळून जातील आणि ती माझं ऐकायची न्हाय. तिनं तुझ्यावर विश्वास ठेवला होता, माझ्यावर न्हवे. तू जा. सही, साहेब, वीज काही सांगू नको. नुसतं एवढं सांग की बाई, तुमच्या हातानं काही झालं न्हवतं, माझी चूक झाली. नोकरीला त्यानं धक्का लागत न्हाय. तिला लिहिता-वाचता येत न्हाय, ती कुणाकडं जाणार हाय?

एवढं केलंस तर पत्र ट्रंकेतच राहील.

तानी


उद्यमबाग, बेळगाव
ता. १८ नोव्हेंबर १९८४

ती. आक्का हीस,

सविनय जयभीम. दिवाळीनंतरच्या रविवारी कंग्राळीला गेलो. घर सापडलं. मालुबाई अंगणात बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. मला ओळखलं नाही, तुझं नाव सांगितल्यावर लगबगीनं उठल्या. लेकीला हाक मारून म्हणाल्या की ज्यांनी पत्र लिहिलं ते साहेब आलेत. घोंगडं अंथरलं, चहा केला. स्वतः कप दिला नाही, लेकीकडून देववला.

मी बोलायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्याच म्हणाल्या की साहेब, तुमचे उपकार. तुम्ही कळवलं नसतं तर मी इथं जावयाच्या रानात बियाण्याला हात लावला असता आणि लेकीचा संसार बुडवला असता. आता पेरणीच्या दिवसांत मी घराबाहेरच पडत नाही. सोललेल्या शेंगा खाण्याच्या, बियाण्याच्या नव्हेत, असं त्यांनी मला आपणहून दाखवून दिलं. जावईही शेजारी उभे होते. ते म्हणाले की शिकलेल्या माणसाचा असा उपयोग होतो.

आक्का, मी चहा घेतला. मुलीचं नाव काय ठेवलं ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. निघताना त्यांनी लांबून हात जोडले. सांगायचं राहून गेलं. परत जाईन. जानेवारीचं एकदा होऊन जाऊ दे, मग नक्की जाईन.

रागावू नकोस. पत्र ट्रंकेत आहे ना, ते कळव.

तुझा,
सिद्राम


तळेवाडी
ता. ३ फेब्रुवारी १९८५

सिद्राम,

तू कायम झाल्याचं कस्तुरीच्या पत्रातनं कळलं. तिला माझे आशीर्वाद सांग, लेकीला बी.

तुझ्या नोव्हेंबरच्या पत्राला उत्तर लिहिलं न्हाय. मालुबाईला भेटल्याशिवाय लिहायचं न्हाय असं ठरवलं होतं. गेल्या सोमवारी वखारीला सुट्टी होती, मी कंग्राळीला गेले. जाताना तुझं ट्रंकेतलं पत्र घेतलं. बियाण्याचं सोयाबीन बी घेतलं, पदराच्या गाठीत मूठभर.

तिच्या लेकीसमोर, जावयासमोर मी तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं. वीज, सही, हातांचं तूच सुचवलंस ते बी. मालुबाई ऐकत होती. संपल्यावर ती म्हणाली की तानी, तू माझं मन राखायला हे लिहून आणलंस. मी म्हणाले की अक्षर बघ. तिला अक्षर कळत न्हाय. मग ती म्हणाली की तुझा भाऊ ह्याच अंगणात बसून गेला. असलं काही असतं तर एवढा मोठा माणूस माझ्या तोंडावर बोलला नसता व्हय? त्यानं चहा घेतला, काही बोलला न्हाय, म्हंजे पत्रातलं खरं. तू बहीण असून भावाचं नाव असं खराब करू नको.

मी लई समजावलं. आमच्या रानातल्या गाठींचं सांगितलं. माझे हात तिच्यापुढं धरले. ती मायेनं ऐकत होती, आजाऱ्याचं ऐकावं तशी. शेवटी मी तिचा हात ओढून त्यात ते सोयाबीन ठेवलं आणि वरनं तिची मूठ मिटली. तिनं मूठ उघडली. दाणे अंगणात सांडले. ती लेकीला म्हणाली की सूप आण आणि हे गोळा कर, चांगल्या बियाण्यात मिसळू नको, माझा हात लागलाय. कोंबड्यांना टाक.

लेक सूप घेऊन उभी राहिली. तिनं माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि दाणे कोंबड्यांना टाकले.

तुझं पत्र मी तिथंच जावयाकडं ठेवून आले. त्यांनी मागितलं. ते त्याचं काय करतील, केंद्रात नेतील का चुलीत घालतील, मी विचारलं न्हाय. तुला आधी कळावं म्हणून हे लिहिलं.

औंदा आम्ही आठ जणी कागलची माती आणून सगळ्या माळाला सोयाबीन करणार हाय. मालुबाईचा तुकडा मधीच हाय, तिथं आण्णाप्पानं पाणी आणून ऊस लावलाय. पाकिटं पाठवू नको.

कंग्राळीला परत जाणार असशील तर सांगायलाच जा. चहा प्यायला जाऊ नको.

तानी